वसुमतीच्या पोटावरचं जंगल

तीर्थरूप सूर्यकांतमामा यांस,
डहाणूहून स्वप्नाचा वाकून नमस्कार. नागपुरात गौरवदादाकडे तुमचं आणि मामींचं छान चाललं असेल. तुमचा रक्तदाबही ठीक असेल. तो हे पत्र संपेपर्यंत तसाच राहो. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही माझ्या पहिल्याच वाक्याला ओरडता. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही.

तुमची मोटरबोट खाडीत सुखरूप आहे. जाताना तुम्ही बजावलं होतंत, "बोटीला कुणी हात लावायचा नाही." मामा, मी तुमचा शब्द इतका पाळला की पावसाळ्याआधी सगळ्यांनी होड्या वाळूत ओढल्या, पण वसुमतीला (बोटीला म्हणतेय, तिला मामींचं नाव तुम्हीच दिलंत, तेव्हा पुढचा मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नका) मी पाण्यातून हलू दिलं नाही. दिवाळी झाली तरी माणसाचा हात लागला नाही. समुद्रातल्या जीवांना मात्र तुमचा हुकूम कुणी कळवला नव्हता.

दोन रविवारांपूर्वी ललितला आणि त्याच्या आईला, भारतीकाकूंना, मी बोटीतून फिरवायला नेलं. (ललित म्हणजे कोसबाडला शेतीच्या संस्थेत आहे, तोच. मला तो पसंत आहे, त्याला मी. घोडं अडलंय ते काकूंच्या होकारावर.) ऐटीत इंजिन सुरू केलं. आवाज असा की अच्छाडच्या नाक्यावरचे ट्रक लाजावेत, आणि चाल वरातीतल्या घोड्याची. धूर निघतोय, डिझेल जळतंय, पण किनारा तिथल्या तिथे. वल्ह्याच्या होडीतून हिरूदादा आम्हाला मागे टाकून गेला आणि वरून बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकलंय का म्हणून चौकशी करून गेला. मी म्हटलं, पाहुण्यांना देखावा दाखवतेय. काकूंचा जन्म कासा-चारोटीच्या खटारा जीपमध्ये गेलेला. त्यांनी शांतपणे पदर खोचला आणि विचारलं, "पोरी, उतरून ढकलायची का?"

मी आधी मुकेश मेकॅनिकला फोनवर झापलं, मग फिल्टरला दोष दिला, शेवटी ललितच्या वजनाला. तेवढ्यात ओहोटी लागली, वसुमती चिखलात एका कुशीवर कलंडली आणि तिचं पोट दिसलं. आई गं, काय ते पोट! शेवाळाच्या झिपऱ्या, आणि त्यांच्यात पांढरे, टोकदार कवचाचे जीव, दाढांसारखे घट्ट रुतलेले (ललित त्यांना बार्नेकल म्हणतो आणि त्याला त्यांचं फार कौतुक). पंख्यावरसुद्धा तीच वस्ती. म्हणजे बोट पाण्यातून घसरत नव्हती, पाणी ओरबाडत चालली होती, आणि त्या ओढाताणीत इंजिनाचा जीव जात होता. भरती येईपर्यंत काकू चिकू खात बसल्या आणि ललित लाकडी पट्टीने खरवडत बसला. ओलं आहे तोवर निघतं, वाळलं की सिमेंट.

मग आठवडाभर, तलासरीच्या शाळेत शिकवणं आटोपलं की मी इकडेच. बोट वाळूत ओढून घेतली, खरवड गोणीत भरली, पोट गोड्या पाण्याने धुतलं आणि हे जीव चिकटू नयेत म्हणून मिळतो तो खास रंग दिला. (तुम्ही मागच्या वर्षी दिलेला निळा रंग दरवाजाचा होता, मामा. त्यावर ते आनंदाने नांदले.) उभ्या बोटीलाच ही जमात धरते, म्हणून तुमचा नियम मी उलटा केलाय: दर आठवड्याला हात लावायचा आणि फेरी मारायची. आता वसुमती अशी पळते की हिरूदादाने बाजूला होऊन वाट दिली. काकूंनीही अजून एक संधी दिलीय. येत्या रविवारी ललितच्या बाबांना घेऊन येतायत. म्हणाल्या, मुलगी गोड आहे, पण पोहोचवते का ते बघू.

तुमची, बोटीहून थोडी कमी लाडकी भाची,
स्वप्ना

ता. क. तुम्हीही याच रविवारी येताय हे आईकडून कळलं. आनंद आहे. फक्त एवढंच की बोट माझी आहे असं मी काकूंना सांगून बसलेय. तेव्हा धक्क्यावर "माझी बोट, माझी बोट" करू नका. लग्न ठरलं की ती परत तुमची.

ता. ता. क. सुकाणूजवळ तुमचा फोटो आहे ना, तो कुणाचा म्हणून काकूंनी विचारलं. घाईत तोंडातून निघून गेलं, "बोट चालवायला ठेवलेत, आमचे तांडेल." म्हणून तुमचा रेल्वेच्या नोकरीतला कोट नको, गळ्यात टॉवेल टाकून या. मला मॅडम म्हणा, आणि मी "सूर्यकांत, नांगर उचल" म्हटलं की निमूट उचला. पुढे मामा म्हणून मला बोहल्याकडे नेताना काकूंना काय सांगायचं, ते नागपूरहून येताना गाडीत ठरवा.