हा राग साखरेचा नाही

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल एका अनोळखी दात्याच्या पेशी माझ्या हाताच्या स्नायूत सोडल्या. आता इन्सुलिन त्यांनी तयार करायचं. शरीराला त्या परक्या वाटू नयेत म्हणून प्रयोगशाळेतच बदलून घेतल्यात. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नकोत. ती माझ्या मूत्रपिंडांना झेपलीच नसती. पेशी टिकल्या तर मधुमेहाच्या सुया सुटतील. शरीराने हाकलल्या तर जन्मभर सुयाच, दुसरा मार्ग नाही. भीती वाटते, ताई.

तुझा,
छोट्या

१० मार्च

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

सुया कमी झाल्याचं कळलं. लगेच हुरळून जाऊ नकोस. लहानपणापासून तुझी साखर मी सांभाळलीय. तू चिडलास की समजायचं, ती उतरली, हे घरात सगळ्यांना पाठ. मी तुझा चेंडू हरवला, तू मारायला धावलास आणि मी पळायचं सोडून तुझ्या तोंडात साखर कोंबली, आठवतं? तुला ओरडताही येईना. शिवणाच्या दुकानात बाबा हसून हसून कापड बेतायच्या टेबलावर रेलले होते. त्याच टेबलाखाली चिंध्यांत बसून आपण अभ्यास करायचो.

बरं, आता प्रकृती सुधारलीय म्हणून सांगते. दुकान भाड्याने दिलं तेव्हा ते टेबल विकलं. तुझी साखर बिघडायला नको म्हणून बोलले नव्हते.

जिवाला जप.
तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

पेशी रुजल्या. महिनाभर एकही सुई नाही. हे आधी लिहितो, नाहीतर पुढचं वाचून तू साखरेचा डबा शोधत बसशील. आत्ताच तपासली, साखर अगदी जागेवर आहे. तेव्हा हा राग साखरेचा नाही, माझा आहे.

बाबांचं टेबल मला न विचारता विकलंसच कसं? जन्मभर सगळं माझ्यापासून लपवलंत. बाबांचं दुखणंसुद्धा मला अगदी शेवटी कळलं. मी चिडलो की साखर मिळाली, उत्तर कधीच मिळालं नाही. मला उत्तर हवंय.

छोट्या

८ एप्रिल

चि. छोट्यास,

आशीर्वाद नंतर. आधी उत्तर घे.

पेशी रुजल्याचं वाचून रडले, पुढचं वाचून संतापले. कोणाला विचारणार होते? तू दवाखान्याच्या खेपा घालत होतास. हमालांना दार मी उघडून दिलं. मीही त्या टेबलाखाली वाढले, मला काही वाटलं नसेल? आणि दुखणं तुला सांगायचं नाही अशी शपथ बाबांनीच घातली होती. ती पाळून त्यांच्या उशाशी मी एकटी बसले. तुझा काही दोष नव्हता, तरी त्याचा राग मला तुझ्यावर आजही आहे. भांडणात तुला काही झालं तर, या धाकाने इतकी वर्षं गिळत आले. आता नाही गिळणार.

पत्रात एवढं मावत नाही. सवडीने ये, चांगला आठवडाभर राहा. आपण भांडू.

आशीर्वाद आहेतच.
तुझी चिडलेली,
ताई