तीन अक्षरांचं नाव

३ मार्च
माझं नाव दगडावर! फुटक्या शिळेचे तुकडे मी जोडत होते. लिपीवाले सर भिंगातून वाचता वाचता एकदम थांबले. "अहो, हे तर तुमचंच नाव! काना-मात्रेचासुद्धा फरक नाही." कुणा कुंभाराच्या लेकीचं थडगं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. माझ्या हातातला गोंदाचा ब्रश तसाच वाळला. मला वाटायचं, बाबांनी हे नाव मनानेच रचलंय. शाळेत मुली विचारायच्या, "हे काय औषधाचं नाव आहे?"

४ मार्च
दिवसभर तरंगत होते. संग्रहालयात सगळे मला "पणजीबाई" म्हणतायत.

९ मार्च
सरांनी याच नावाच्या आणखी दोघी शोधल्या. एक राणी – नवऱ्यामागे एकटीने राज्य राखलं. एक सुईण – गावाने चेटकीण म्हणून हाकलली आणि साथ आल्यावर हात जोडून परत आणली. मी म्हटलं, "आम्ही सगळ्या भारीच की!" सर हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले. "अर्थ ठाऊक आहे ना तुम्हाला? गेलेल्याच्या जागी आलेली. आधीचं मूल दगावलं की पुढच्या मुलीला हे नाव ठेवायचे."
पण मी तर थोरली!
थोरलीच ना?

१० मार्च
आई कपड्यांच्या घड्या घालत होती. विचारलं, तर हातातला टॉवेल तिने तोंडावरच दाबला. माझ्या आधी मुलगा होता. आठ दिवसांचा. इस्पितळातच गेला. ती तापाने बेशुद्ध, तिला त्याचा चेहराही धड आठवत नाही. "तुझ्या बाबांनीच सगळं उरकलं. मला काही बघू दिलं नाही." माझं नावही बाबांनीच कुठल्याशा जुन्या पुस्तकातून आणलेलं. त्याचा अर्थ तिला आज कळला – माझ्याकडून! इतकी वर्षं एकाच पंगतीला बसतो आम्ही, आणि घरात एक अवाक्षर नाही.

११ मार्च
कामावर गेले नाही. भाऊ. लिहून बघितलं – भाऊ.

१२ मार्च
बाबांना गच्चीवर गाठलं. "त्याला कुठे पुरलं, तेवढं तरी सांगा. एकदा जाऊन यायचंय मला."
कठडा धरून उभे होते, ते खाली बसले. मीही शेजारी टेकले. "पुरला नाही गं. दिला. हाताला काम नव्हतं, तुझी आई वाचेल असं वाटत नव्हतं... नर्सच्या ओळखीचं जोडपं होतं."
आई खालून जेवायला हाका मारत होती. आम्ही दोघंही उठलो नाही.