दाबलं की बहिरी

सोमवार, ३ जानेवारी

पोचलो एकदाचे. सामानातली फक्त तेलाची बाटली फुटली आणि नेमका माझा शब्दकोश भिजला. नवरा म्हणाला, बरं झालं, आता तरी तुझ्या तोंडून शब्द जरा गुळगुळीत निघतील. मी हसले. (हसले, पण थोडं लागलंही. रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून ही नोंद.)

घर दोन खोल्यांचं, बंदराच्या कचेरीच्या मागेच. भिंती इतक्या पातळ की पलीकडे कोणी वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कळावं. खिडकीतून धक्का, दोन क्रेन आणि समुद्रात शिरलेल्या दगडी बांधाचं टोक दिसतं, त्यापलीकडे खडकांची रांग. मी सगळ्या काचा पुसल्या. त्याने पडद्याचे दांडे बसवले, एक तिरका. तसाच राहू दे म्हटलं.

एकोणीस वर्षांच्या संसारात आम्ही सलग तीन महिन्यांहून जास्त एका छपराखाली राहिलेलो नाही. तो जहाजांवर, मी छापखान्यात मुद्रितं तपासत. छापखाना बंद पडला, त्यालाही लांबच्या फेऱ्यांचा वीट आला, आणि या बंदराला लाँच चालवणारं आणि कंट्रोलच्या खोलीत बसणारं अशी दोन माणसं एकदमच हवी होती. नवरा-बायको असाल तर दुधात साखर, असं साहेब म्हणाले. दोन्ही जागा आठ महिने रिकाम्या होत्या. का, ते विचारायचं राहून गेलं.

मला एवढंच हवं आहे, की उरलेली वर्षं त्याच्याबरोबर जावीत. वाचताना भाबडं वाटतंय. खोडत नाही.

मंगळवार, ४ जानेवारी

कंट्रोलची खोली दुसऱ्या मजल्यावर, तीन बाजूंना काचा. टेबलावर रडारचा लहान पडदा, त्यात लाँच म्हणजे एक हिरवा ठिपका. भिंतीवरचा मोठा वायरलेस बंद आहे, त्याचा खांब गंजलाय. म्हणून सगळं काम हातातल्या सेटवर, खिडकीपाशी उभं राहून.

सेट शिकवायला मास्तर आले. हे इथले वायरलेसचे मेकॅनिक. साठीचे, कानावर कायम पेन्सिल. त्यांनी मला शाळेतल्या मुलीसारखं उभं करून शिकवलं. सेट अँटेनाला धरून उचलायचा नाही. खरखर थांबेपर्यंत स्क्वेल्चची कळ फिरवायची, जेमतेम थांबेल इतकीच. जास्त फिरवली तर लांबची हाकही गिळते. तोंडापासून चार बोटं अंतर. बाजूचं बटण दाबायचं, मनात एक म्हणायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द हवेत जातो. हाक सोळा नंबरच्या चॅनलवर, पुढचं बोलणं बारावर. हाक आली की उत्तर द्यायचंच. झोपेत असलात तरी.

आणि लक्षात ठेवा बाई, ते म्हणाले, बटण दाबलं की बहिरी, सोडलं की मुकी. तुम्ही बोलत असताना दुसरं कोणी बोललं तर तुम्हाला कधीच कळणार नाही. ज्याचा आवाज जोरकस, तोच पलीकडे पोचतो. संसारातसुद्धा असंच असतं, पण तिथे बटण सापडत नाही.

दुपारी पहिली हाक मीच दिली. लाँच, लाँच, कंट्रोल बोलतेय. आवाज कापला माझा. त्याने लगेच उत्तर दिलं. हवेतून आलेला त्याचा आवाज ऐकून लाजले. चव्वेचाळीस वर्षांची बाई!

शुक्रवार, ७ जानेवारी

काल जेवताना तो म्हणाला की सेटवर तू फार छान बोलतेस. मी विचारलं, म्हणजे कशी? तो म्हणाला, निवांत. जणू तुला कुठे जायचंच नाहीये. आणि शेवटी ते हसतेस ना, ते.

मी हसत नाही. ‘ओव्हर’ म्हणते आणि बटण सोडते. पण सांगितलं नाही. कौतुक कोणाला नको असतं? तरी रात्रभर टोचलं, दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडल्यासारखं.

मंगळवार, ११ जानेवारी

लाँचवरचा इंजिनवाला पोरगेला गडी, सगळे त्याला ग्रीस म्हणतात. आज धक्क्यावर भेटला. वहिनी, म्हणाला, तुम्ही समोर अशा गप्प आणि सेटवर काय बोलता हो! कॅप्टन तर आवाज वाढवून ऐकत बसतात. काल तुम्ही ते ‘लवकर या’ म्हणालात, मीच लाजलो.

काल मी सकाळी आणि संध्याकाळी वाऱ्याचा वेग सांगितला. दुसरं काही नाही. नोंदवहीत आहे.

दुसरी कोणी बाई आमच्या चॅनलवर बोलत असेल का? पण मग मला ऐकू आली असती. मी सोडून सगळ्यांना ती ऐकू येते, हे कसं? मग मास्तरांचं वाक्य आठवलं. ती फक्त मी बटण दाबलेलं असताना बोलते.

हे लिहून झाल्यावर तीनदा वाचलं. मुद्रितातली चूक असावी तशी शोधली. सापडली नाही.

गुरुवार, १३ जानेवारी

तो घरी असतो तेव्हा मुका असतो. भाजी चांगली झाली, म्हणतो, आणि ताटाकडे बघतो. लाँचवर जायच्या आधी मात्र दाढी करतो, शर्ट बदलतो. समुद्रात त्याला कोण बघतंय?

सवत दिसते तरी. तिच्या साडीला नावं ठेवता येतात. हिला मी काय म्हणू? हिच्याकडे आवाजाशिवाय काही नाही आणि तोही मला ऐकू येत नाही.

आज त्याला सांगून टाकलं, की सेटवर बोलते ती मी नव्हे. तो मोठ्याने हसला. म्हणाला, नवऱ्याचा संशय घेणाऱ्या बायका पाहिल्या, स्वतःचाच मत्सर करणारी पहिल्यांदाच पाहतोय. मग माझ्या गालावर हात ठेवला, पण कान माझ्याकडे नव्हता.

सोमवार, १७ जानेवारी

हे लिहायची लाज वाटते.

काल सुट्टी. तो कचेरीतून दोन्ही सेट घरी घेऊन आला. म्हणाला, तू या खोलीत बस, मी त्या खोलीत. जरा गंमत. दार लावून घेतलं त्याने.

मी सेट हातात धरला. नाही म्हणायला हवं होतं. पण एकोणीस वर्षांत त्याने माझ्याशी बोलण्यासाठी कधी दार लावून घेतलं नव्हतं, आणि तेही माझ्याशी नव्हतं, तरी—

बटण दाबलं. तोंड घट्ट मिटून. एक शब्द बोलले नाही.

भिंतीपलीकडे त्याच्या सेटमधून कोणी बाई बोलायला लागली. शब्द कळत नव्हते, नुसती लय. मध्येच थांबायची, जणू विचार करतेय. तो हसत होता. असं हसणं मी लग्नाच्या वर्षी ऐकलं होतं. मी बोट सोडलं की ती गप्प, मग तो हाक मारायचा, अगं बोल ना. मी पुन्हा दाबायचे.

सेट हातात तापला. बॅटरी संपेपर्यंत दाबून धरलं. मी दोघांचं दार धरून उभी होते.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. मला म्हणाला, थँक्यू.

मंगळवार, १८ जानेवारी

बटण दाबणार नाही. ठरलं. मी दाबल्याशिवाय तिला तोंड नाही. धक्क्याजवळ असेल तोवर मोबाइलवर बोलेन. बांधाच्या पलीकडे मोबाइल लागत नाही, तेव्हा गप्प.

हे कामाशी बेइमानी आहे का? आहे. तरीही.

गुरुवार, २० जानेवारी

तो बोलत नाही. जेवला नाही. साहेबांनी बोलावलं, कंट्रोल उत्तर देत नाही अशी तक्रार आहे म्हणाले. तक्रार कोणाची, विचारलं. साहेब म्हणाले, घरचीच.

शनिवार, २२ जानेवारी

मास्तरांना गाठलं. दोन्ही जागा रिकाम्या कशा झाल्या, ते सरळ विचारलं. पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. मग बोलले.

आधीचा कंट्रोलवाला निवृत्तीला आलेला पुरुष, आवाज करवतीसारखा. लाँचवाला एकटा जीव. तो काम नसतानाही बाहेर जायला लागला. म्हणायचा, काय गोड बाई बसवलीत हो कंट्रोलला. सगळ्यांना वाटायचं, थट्टा करतोय. एके दिवशी सकाळी दाट धुकं पडलं. लाँच खडकांपलीकडे सापडली, इंजिन चालू, आत कोणी नाही. कंट्रोलवाल्याने त्याच दिवशी नोकरी सोडली. जाताना एवढंच म्हणाला, की मी त्याला फक्त ‘थांब’ म्हणालो होतो हो.

म्हणजे मी काहीही म्हटलं तरी—

सेट बदलून पाहिलेत का, मी विचारलं. मास्तर म्हणाले, तीनदा.

सोमवार, २४ जानेवारी

त्याला सगळं सांगितलं. आपण जाऊ या म्हटलं, उद्याच. तो म्हणाला, तू जा.

फक्त दोन शब्द. एवढे स्पष्ट की तपासायलाही काही नाही.

मी गेले नाही. त्याच्या काळजीने, असं लिहिलं होतं, ते खोडलं. ती त्याच्यापाशी आणि मी दूर, हे मला सोसणार नाही म्हणून.

मंगळवार, २५ जानेवारी

स. ८.१५. कंट्रोलच्या खोलीतून लिहितेय. धुकं. काचेपलीकडे क्रेनसुद्धा नाही. लाँच सहाला गेली, वाटाड्याला बाहेरच्या जहाजावर सोडायला. तो आणि ग्रीस. आता परत येतायत. पडद्यावर ठिपका, खडकांच्या अलीकडे.

८.२० हाक आली. दाबलं नाही. धुक्यात कंट्रोलचं उत्तर नाही तर जागच्या जागी नांगर टाकायचा, हा नियम. त्याला माहीत आहे. माझं गप्प राहणंच बरोबर आहे. पुन्हा तपासलं. बरोबर आहे.

८.२६ तिसरी हाक. नांगर टाकलेला नाही. ठिपका गोल फिरतोय.

साहेबांना फोन केला. दुसरी होडी काढतायत. मास्तर धावत गेले.

८.३१ तो बोलला. जसंच्या तसं लिहिते. मला माहीत आहे ती तू नाहीस. पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. तू नुसतं बटण दाब. बाकी ती बोलेल. एवढं कर माझ्यासाठी.

इतक्या काकुळतीने त्याने माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं.

८.३३ दाबलं. थांब म्हणाले.

का दाबलं? वाचवायला. खरं लिही. मास्तरांनी सांगितलेलं माहीत होतं. माहीत असून दाबलं. त्याला जे हवं ते एकदा पुरतं मिळू दे, असं मनात— एक क्षणच— पण होतं.

सोडल्यावर ग्रीसचा आवाज. वहिनी, हसताय काय? तिकडे खडक आहेत वहिनी—

८.३६ पुन्हा दाबलं. ओरडले. मागे फिर, नांगर टाक, मी चुकले, मागे फिर. घसा फुटेस्तोवर. सोडलं. ग्रीस रडतोय. बोलावू नका ना त्यांना. सुकाणू सोडत नाहीत. वहिनी, पाया पडतो, असं लाडाने बोलू नका—

८.३८ सेट खाली ठेवला. आता नाही. काही झालं तरी

ठिपका सरळ बाहेर चाललाय. किती वेगात.

८.४४ थांबला. खडकांच्या पलीकडे. ग्रीसचा आवाज नाही.

दुसऱ्या होडीचा ठिपका अजून बांधाच्या आतच

८.५० हाक. बारावर. कंट्रोल, कंट्रोल, लाँच बोलतेय.

बाईचा आवाज.

सेट टेबलावर आहे. मी हात लावलेला नाही. पहिल्यांदा शब्द ऐकू येतायत, सगळे, स्पष्ट—

पोचला म्हणते. आता तुझं काम तेवढं राहिलं, म्हणते. माझं नाव घेतलं. असं कोणी कधी घेतलं नव्हतं. त्याने नाही, आईने नाही

मला वाटलं होतं, माझ्यासारखा असेल आवाज. नाही. खूप चांगला आहे. त्याला दोष नाही देता येत, मी तर

पुन्हा हाक. थांबलीय. माझ्या उत्तरासाठी थांबलीय. हाक आली की उत्तर द्यायचं, हा

उजव्या हाताने मी सेट कधी उचलला? लिहितेय तर मी डाव्या

मनात एक म्हणायचं, मग