तेलाची जबाबदारी माझ्याकडे

शनिवार, २८ मार्च

कालच्या नोंदीत चूक आहे. मी लिहिलं, 'आत्याने पोकलेन माझ्याकडे सोपवलं.' तसं नाही. आत्याने पोकलेनचं हायड्रॉलिक ऑइल रोज सकाळी बघायचं काम माझ्याकडे सोपवलं. मात्र बूम म्हणजे मशीनचा लांब हात, त्याच्या टोकाची बकेट, चेन सगळं त्या तेलाच्या जोरावरच हलतं. तेव्हा चूक फार मोठी नाही.

आत्याचा खांदा आखडल्यापासून मशीन दादा चालवतो. बाबांनी सांगून ठेवलंय, मशीन नीट सांभाळलं तर नव्या खाणीचं काम दादाकडे, नाहीतर बाहेरचा ऑपरेटर. म्हणजे दादाचं भवितव्य माझ्या हातात आहे. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, आधी हात धू.

मला भीती नाही. अक्षरओळखीच्या आधी आत्याने मला तेल बघायला शिकवलंय. इंजिन बंद, मशीन गार, जमीन सपाट. टाकीच्या काचेत तेल अर्ध्या रेघेवर. झाकण हळू उघडायचं, धूळ आत जाता कामा नये. मी झाकण पुसते, मग फडकं झटकते, मग उडालेल्या धुळीच्या काळजीने झाकण परत पुसते.

सोमवार, ३० मार्च, सकाळी

काचेत तेल तळाला. दादा मशीन बूम आभाळात करून उभं करतो. बकेट खाली ठेवली की तिच्यात कुत्री झोपतात, आणि सकाळी त्यांना उठवणं त्याच्या जिवावर येतं. मी स्टूल आणलं, तेल घातलं, रेघेवर आणलं. मन शांत.

संध्याकाळी

टाकीवर झाकणाभोवती तेलाचे ओघळ. लीकेज. मला आधीपासून शंका होतीच.

दुरुस्ती: आधीपासून नव्हती. संध्याकाळपासून आहे.

गुरुवार, २ एप्रिल

सकाळी तेल कमी, भरलं. संध्याकाळी ओघळ. काल तेच, परवा तेच. रोज जितकं भरावं तितकं मशीन बाहेर टाकतं. इतका ठळक पुरावा कुणाच्या नजरेस कसा पडला नाही, याचंच नवल वाटतं. माझं निदान: पंपाचं सील गेलंय.

आत्या खांदा शेकत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, माझ्या हाताखाली कधी थेंब गळला नाही. मी मनात म्हटलं, लक्ष नसेल. मग वाटलं, आत्याबद्दल असं मनात आणू नये. मग वाटलं, पण नसेलच.

शनिवार, ४ एप्रिल

जेवताना बाबांना रिपोर्ट दिला. दादाचा घास हातातच राहिला. लिव्हर हिसडतोस का, असं बाबांनी विचारलं. तो म्हणाला, बकेटमध्ये अंडं ठेवा, फुटणार नाही. बाबा म्हणाले, मग तेल काय पंख फुटून उडतं?

शुक्रवारी मेकॅनिक येऊन पंप उघडणार. लीकेज निघालं तर खाणीवर बाहेरचा माणूस. दादाचं वाईट वाटलं, पण सत्यापुढे भाऊबहीण नाही. बाबांनी टाकीच्या झाकणाची किल्ली कायमची माझ्याकडे दिली. मी ती गळ्यात घातली आहे. टोचते. अभिमानाने टोचते.

सोमवार, ६ एप्रिल

चमत्कार. आज काचेत तेल रेघेच्याही वर, काच भरून. मी थेंबही घातला नव्हता. लीकेज आपोआप बंद. आपोआप म्हणजे, शनिवारी मी झाकण जास्त जोर लावून बसवलं होतं, त्यामुळे. यार्डात गिरकी घेतली. बकेटमध्ये झोपलेल्या कुत्र्यालाही सांगितलं.

धावत आत्याकडे गेले. काल खांदा कितपत बरा झाला ते बघायला तिने मशीन थोडं चालवलं होतं, म्हणून तिचं अभिनंदन आधी केलं, माझं नंतर. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोज काच बघतेस तेव्हा बकेट कुठे असते?"

म्हटलं, दादा ठेवतो तिथे. वर.

"अगं बाई. बूम वर असला की टाकीतलं तेल बूम उचलणाऱ्या सिलिंडरमध्ये जाऊन बसतं. बकेट जमिनीला टेकवायची आणि मग काच बघायची."

म्हटलं, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

"सांगायचं काय त्यात? मी बकेट वर ठेवली होती कधी?"

म्हणजे बूम वर असताना मी टाकी भरत होते. बूम खाली आला की सिलिंडरमधलं तेल परत यायचं, त्याला जागा नसायची, ते झाकणातून बाहेर. मशीन गळत नव्हतं. मी ओतत होते. तरी धूळ आत जाऊ दिली नाही, हेही खरं आहे.

आत्या हसता हसता खांदा धरून कळवळली. म्हणाली, मी बाबांना सांगणार नाही, पण तू सांग. सांगणारच आहे. मेकॅनिक शुक्रवारी, म्हणून गुरुवारी. घाईत सांगितलं तर तपशील राहून जातात.

मंगळवार, ७ एप्रिल, संध्याकाळी

जास्तीचं तेल काढलं. दादाने बादली धरली. कशाला काढतेस, हेसुद्धा विचारलं नाही. म्हणाला, "तुझ्यामुळे लीकेज कळलं तरी. माझ्या हातातच खोट असेल." नव्या खाणीसाठी आणलेलं हेल्मेट तो दुकानात परत देणार आहे.

मी म्हणाले, हेल्मेट दोन दिवस राहू दे. गळ्यातली किल्ली टोचायला लागली, ती काढून खिशात टाकली.

घरी आले तर मेकॅनिकचा निरोप. शुक्रवारी जमत नाही, उद्या उजाडताच येतो.

म्हणजे गुरुवार गेला. बुधवारी सांगायचं तर पंप उघडून झालेला असेल. सगळ्या बाजूंनी विचार केला. बाबा दारात बूट काढताहेत. सांगण्याचा दिवस पक्का: मंगळवार, ७ एप्रिल.