शीड उतरवलं, बाबा

प्रिय बाबा,

तुमची शिडाची होडी आम्ही देऊन टाकली. ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते, म्हणून हे पत्र. दीपक तुमच्या फोटोपुढे उभा राहून "बाबा, सॉरी" एवढंच पुटपुटला आणि ऑफिसला पळाला. थोरल्या बहिणीला पुढे करून निसटायची त्याची जुनी सवय तुम्हाला ठाऊकच आहे.

विकली नाही हं, दिली. गंगरेल धरणाच्या काठावर इतकी वर्षं तिची राखण करणाऱ्या बिसाहू केवटाला दिली. त्याने शीड उतरवलं, वल्ही लावली आणि आता तिच्यातून तो मासे धरतो. तुम्हाला वाईट वाटलं असणार. पण तिच्या जागी आम्ही काय घेतलं ते ऐकलंत तर जास्तच वाईट वाटेल. मोटरबोट घेतली, बाबा. आता दोन घोट पाणी प्या आणि पुढे वाचा.

नौदलातली पंधरा वर्षं संपवून तुम्ही रायपूरच्या रेल्वे वर्कशॉपात लागलात, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, यांचा समुद्र सुटला. सुटतो कसला? ड्युटीवरून आलात की गुढियारीच्या त्या एवढ्याशा अंगणात फळ्यांना रंधा मारत बसायचात. पाऱ्यातले, आपल्या मोहल्ल्यातले लोक विचारायचे, "भैया, यहाँ पानी कहाँ है?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "पहले नाव तो बनने दो." ती होडी ट्रकवर चढून धमतरीपुढच्या धरणात उतरली, तेव्हा निम्मा पारा सोबत आला होता. मी अकरा वर्षांची होते. वर्गात सगळ्या मुलींचे वडील नोकरी करायचे, माझ्या वडिलांनी होडी बांधली होती. तो तोरा माझा अजून उतरलेला नाही.

सुकाणू तुम्ही दीपकच्या आधी माझ्या हातात दिलंत. "पोट्टीच्या हातात काहून देता?" असं कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "तिचा हात हलका आहे." बस, तेवढंच. शाबासकी तुमच्याकडून मोजून मिळायची, पण ती एक मला आयुष्यभर पुरली.

मोटरीचं मात्र नाव काढायची सोय नव्हती. मच्छीवाल्या ठेकेदाराची मोटरवाली डोंगी फटफट करत गेली की तुम्ही तोंड फिरवायचात. "वारा फुकट आहे, पण आळश्याले तो भेटत नाही," हे तुमचं ठरलेलं वाक्य.

आता एक जुनी गोष्ट काढते. पहिल्याच वर्षी तुम्ही आईला होडीत बसवलं होतं, आठवतं? वाऱ्याने होडी एका अंगावर कलली, आई घाबरली आणि जी दोरी हाताला लागली ती तिने घट्ट धरली. ती नेमकी शिडाची निघाली. होडी उलटता उलटता वाचली, हे खरं. पण काठावर आल्यावर तुम्ही निम्म्या पाऱ्यादेखत तिच्यावर ओरडलात, "तुले काही समजते का? जा, तिकडे बस." ती गेली आणि बसली. तुम्ही होतात ती पुढची वीस वर्षं दर रविवारी ती आपल्याबरोबर आली, भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन काठावर बसली, आणि पुन्हा होडीत आली नाही. तुम्ही तो दिवस विसरलात. तिला परत चल म्हणायचं तुम्हाला एकदाही का सुचलं नाही? आणि मला तरी कुठे सुचलं म्हणा. सुकाणू माझ्या हातात होतं, मी कशाला मागे वळून बघते!

तुम्ही गेलात, मग आपलं रायपूर राजधानी झालं. चौबे कॉलनीत दीपकच्या घरी जायला आता लाल दिव्यांच्या गाड्यांमधून वाट काढावी लागते. आम्ही मात्र जमेल त्या रविवारी गंगरेलला जातच राहिलो. गेल्या हिवाळ्यात एकदा भर पाण्यात वारा पडला. दीपकची कंबर धरलेली, त्यामुळे वल्ही मी एकटीने मारली. काठाला लागायला चार वाजले. आई तिथेच बसून होती. ओरडली नाही, रडली नाही, डबा उघडून पुढे ठेवला. परतताना गाडीत म्हणाली, "दीपक, तिकडे पल्याड काय आहे रे?"

बाबा, पस्तीस वर्षं त्या धरणावर येऊन तिने पलीकडचा काठ पाहिला नव्हता. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी ठरवलं, आईला बसता येईल अशी होडी घ्यायची, मग ती मोटरची असली तरी चालेल.

धमतरीला एक ठेकेदार पुलाचं काम संपल्यावर आपल्या दोन जुन्या बोटी विकायला काढत होता. एक अरुंद, निमुळती. दुसरी रुंद, बसक्या काठाची, परातीसारखी. आम्ही दोघं पडलो तुमची मुलं. पहिलीच्या बुडाशी उकिडवे बसलो आणि बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावून आवाज ऐकत निघालो. फायबरच्या बोटीला लाकडासारखं वाजवून काय कळणार होतं? ठेकेदाराचा माणूस आमच्याकडे बघून हसत होता. दीपक म्हणाला, "दीदी, हीच घेऊ, ही पाणी कापेल."

तेवढ्यात आई कुठे गेली म्हणून बघतो, तर ती दुसऱ्या बोटीच्या काठावर बसलेली. बाज विकत घेताना बसून बघतात तशी. मग एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, फळीवर सरकली, गुडघे चोळून बघितले. "हिच्यात मले कोणी उचलून ठेवाले नाही लागत," ती म्हणाली. "हेच घ्या." आम्ही टकटक थांबवली आणि तीच घेतली.

पहिल्या रविवारी आईला मध्ये बसवलं आणि मोटरीचा दांडा अर्थातच मी धरला. हलका हात ना माझा! पाण्यावर एक फेरी झकास झाली. मग काठ जवळ आला आणि मी तुम्ही शिकवलंत तेच केलं. काठ आला की शीड सोडायचं, नुसत्या सुकाणूवर होडी अलगद लावायची. मी मोटर बंद केली आणि दांडा फिरवला. बोट वळेचना. या बोटीला वेगळं सुकाणू नसतं, मोटर ढकलते तेव्हाच ती वळते, हे मला कुणी सांगितलं होतं? आम्ही सरळ जाऊन बिसाहूच्या जाळ्याच्या बांबूंत घुसलो. त्याचे दोन बांबू मोडले, माझं नाक मोडायचं राहिलं.

मी लाल झाले. दीपक सवयीप्रमाणे दुसरीकडे बघू लागला. आई मात्र शांतपणे म्हणाली, "बंद काहून केलीस? तो मच्छीवाला बंद नाही करत. धीमी करते, अन् काठाले लागली का मंग बंद करते."

"तुले कसं माहीत?" मी विचारलं.

"पस्तीस वरसं काठावर बसून मी का डबाच राखून राहिली होती? तुम्ही त्याच्याकडून तोंड फिरवत होते. मी पाहत होती."

मग ती उठली. साडीचा पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाली, "सरक." बाबा, मी सरकले. तिने दांडा दोन्ही हातांनी धरला, दीपकने मोटर चालू करून दिली, आणि आपली आई आम्हा दोघांना बसवून गंगरेलच्या पाण्यात निघाली. पहिल्यांदा बोट थोडी नागमोडी गेली, मग सरळ झाली. बिसाहू बांबू सावरत उभा होता, तो काठावरून हाक मारून म्हणाला, "हव दाई, बने जावत हस!" छान चाललीस, माय, असं ऐकून तिने मान हलवली, पण पाण्यावरची नजर काढली नाही.

पलीकडे पळसाची झाडं आहेत, खडक आहेत आणि एक शेळ्यांची वाट आहे, बाकी काही नाही. तिथे तिने मोटर धीमी केली आणि बोट अशी अलगद टेकवली की मला धक्का जाणवला नाही. तुम्हीही इतकी हळू कधी लावली नसेल, रागावलात तरी मी हे लिहिणारच. तुमचा अभिमान मला अकराव्या वर्षापासून आहे. आईचा वाटायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली, याची लाज वाटते. पण वाटला तो असा की मी तिथेच रडले.

दीपकने न राहवून विचारलं, "आई, बाबांवर राग आहे काय अजून?"

ती खडकावर बसून पाय पाण्यात सोडत म्हणाली, "राग कायचा? त्यायले शीड येत होतं, ते मले येत नव्हतं. हे मले येते."

बाबा, एक वचन देते. शिडाची असो की मोटरीची, आपल्या घरची होडी यापुढे कुणालाही काठावर बसवून पाण्यात जाणार नाही. जो घाबरेल त्याच्या हातात आधी दांडा देऊ.

तुमची,
हलक्या हाताची पण आता दुसऱ्या फळीवर बसणारी,
रजनी