तिसरं शील

२६ एप्रिल, रवि.
मला कुणी विचारलं? विहाराच्या कमिटीने परस्पर ठरवून टाकलं. शुक्रवारी बुद्धपौर्णिमा, पाहुणा नगरसेवक प्रभाकर. आमच्याकडची रीत अशी, वस्तीतल्या थोरल्या बाईने एकेक शील मराठीत म्हणायचं, मागून पाहुण्याने, मग सगळ्यांनी. थोरली आता मीच. बाकीच्या गेल्या.
म्हणजे तिसरं शील, व्यभिचार करणार नाही, ते मी त्याच्याकडून वदवून घ्यायचं. माझ्या जिवाभावाच्या कुसुमच्या नवऱ्याकडून.

२७, सोम.
कुसुम संक्रांतीला गेली. सरकारी दवाखान्यात, एकटी. हा तिकडे तारनाक्याला, दुसऱ्या बाईच्या घरी. बघायला आला नाही. मेल्यावर मात्र आमच्या अंबरपेठभर बॅनर, तिचा फोटो, खाली हा हात जोडून. समोरच्या खांबावरचं अजून आहे. खिडकी उघडली की बघते माझ्याकडे. लावून घेतली की स्वयंपाकघरात खोकला. भूतबीत आपण मानत नाही, धम्म घेतला तेव्हाच सोडलं. पण खोकला तिचाच.

२८, मंगळ.
नातू राहुल कमिटीचा सेक्रेटरी. म्हणतो, "आज्जी, कायकू तमाशा? नाली त्याने केली, विहारावर पत्रे त्याने टाकले. घरचं त्याचं तो बघेल."
"घरची तर मेली की रे."
मग म्हणे, ते आता कुणी बघत नाही.
खरंय. कमिटीच्या आधीच्या अध्यक्षाचं एका बाईशी नुसतं नाव निघालं, तर बायकांनी त्याच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली होती. सगळ्यांच्या पुढे कुसुमच होती. त्याच बायकांच्या सुना आता प्रभाकरसोबत फोटो...

२९, बुध.
प्रभाकर स्वतः आला. पाया पडला. "मावशी, तब्येत कशी?"
म्हटलं, कुसुमची विचारायची होतीस.
हसला मेला. मग हळूच, "तिसरं जरा पटकन घ्या. नाहीतर राहू द्या. कोणाला कळतंय?"
चहा न पिता गेला. बसला होता त्या खुर्चीतून आता खोकला येतो. मी जमिनीवर बसून लिहितेय.

३०, गुरु.
सकाळपासून खोकला नाही. हे जास्त वाईट. ती ऐकायला बसल्यागत वाटतंय.
राहुलने तोड काढली, "पाहुण्याबरोबरच सगळे म्हणू. एकदम." म्हणजे गर्दीत त्याचं तोंड मिटलेलं असलं तरी चालेल.
सांगितलं त्याला, कमिटीला निरोप दे. तिसरं शील मी सावकाश म्हणणार. त्यावर हॉलमध्ये कुणी ब्र काढायचा नाही. तू पण नाही. प्रभाकरने एकट्याने म्हणायचं.