मला चक्कर येत नाही

३ मार्च, सकाळी
नातीला सांगितलं, मी बोलते ते जसंच्या तसं लिही, गाळू नकोस. अक्षरांशी माझी ओळख नाही, आता या वयात करूनही घ्यायची नाही. तिच्या गणिताच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली. हे फक्त माझ्यासाठी. दुसऱ्या कोणी वाचायचं नाही. मलाही वाचता येत नाही, म्हणजे अगदीच सुरक्षित. नात म्हणाली, वही दर रविवारी आईला सहीला द्यावी लागते. म्हटलं, दे की. आई गणितं बघेल, मागचं कोण उलटतंय.
ठराव: उद्यापासून मुलांना सांभाळणार नाही. सून सकाळी हॉटेलात चादरी बदलते, दुपारी नर्सिंगच्या कॉलेजात चादरी बदलायला शिकते, आणि घर माझ्या डोक्यावर. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस पाहुण्यासारखा येतो. पस्तिसाव्या वर्षी शिकायची हौस तिला, घाम मला.

४ मार्च
सांभाळली. धाकट्याला ताप होता म्हणून. उद्यापासून नक्की.

७ मार्च, संध्याकाळी
तिच्या मॅडमनी मार्क कापले. पेशंट पलंगावर असतानाच खालची चादर बदलायची असते. हिने हॉटेलच्या सवयीने एका झटक्यात ओढली. पेशंट म्हणजे रबराचा पुतळा, तो जमिनीवर. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, इथले पाहुणे फिरायला गेलेले नसतात. माझं डोकंच फिरलं. सुनेला बोलायचा हक्क माझा. ही कोण टिकोजीराव?
२८ला प्रॅक्टिकल. पास झाली तर हॉस्पिटलात पक्की नोकरी. नाही झाली तर नाव कमी, पुन्हा जन्मभर हॉटेलच्या चादरी. मला काय त्याचं. तरी पलंगावर आडवी झाले आणि म्हटलं, काढ माझ्याखालची. मी रबराची नाही, पडले तर शिव्या देईन. पाच वेळा केलं. पाचव्यांदा चादर कधी गेली ते कळलंही नाही. तिला सांगितलं, वाईट आहे.

१२ मार्च
जिन्यात चक्कर आली. म्हणजे चक्कर नव्हे, जिना हलला. कठडा धरून बसले. धाकटा म्हणाला, आजी, तू पांढरी झालीस. त्याला चॉकलेट देऊन गप्प केलं.
सुनेला कळता कामा नये. सासू आजारी म्हटलं की ही कॉलेज सोडून घरी बसणार. तेवढी मूर्ख आहे ती. मग दिवसभर तिचं तोंड मी बघायचं? त्यापेक्षा पास झालेली बरी. हे माझ्या सोयीसाठी.

१७ मार्च
सुनेला काय झालंय देव जाणे. मिठाची बरणी वरच्या फळीवर नेऊन ठेवली. माझा हात पोचत नाही हे माहीत असून. जेवणात मीठ नाही, घरात माया नाही. वर धाकट्याला शाळेतून आणायचं काम माझ्याकडून काढून खालच्या शिंपीणबाईला दिलं. मी तोंडावर विचारलं, मी म्हातारी झाले का? म्हणाली, "नाही हो आई, शिंपीणबाईंना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." ते खरं असेल. सुटलीय बाई.
पण हिला कोणीतरी माझं काहीतरी सांगितलंय. नातीला खोदून विचारलं. तोंडातून अवाक्षर काढलं नाही म्हणाली. पोरगी खोटं बोलत नाही.

१९ मार्च
बीपी मोजायचा सराव. सुनेने माझ्या दंडाला पट्टा बांधून फुगवला. आकडा बघून पट्टा सैल केला. किती, म्हटलं, तर म्हणे मला अजून नीट जमत नाहीये. परत मोजला, परत तेच. परीक्षा नऊ दिवसांवर आणि बाईंना साधा आकडा जमत नाही. खूप बोलले.
ठराव: नापास झाली तर एक शब्द बोलणार नाही. दोनच बोलेन.

२० मार्च
कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. पेशंटला घेऊन डॉक्टरांसमोर कसं बसायचं याचा म्हणे सराव. मला म्हणाली, "आई, तुम्ही फक्त आजारी बाईचं सोंग घ्या." सोंगात मी कमी पडणार का? चक्कर येते म्हटलं, जिना हलतो म्हटलं, सकाळी मान जड होते म्हटलं. सगळं इतकं हुबेहूब केलं की डॉक्टर फसला. खऱ्या गोळ्या लिहून दिल्या. रोज सकाळी आठला एक. तिला तक्त्यावर खूण करायची असते म्हणून घेते. तिचा अभ्यास बुडायला नको.

२५ मार्च
जिना आता हलत नाही. घरमालकाने दुरुस्त केला असणार. सांगायची पद्धत नाही.

२८ मार्च, संध्याकाळी
पास. चादर बदलताना पुतळा हललासुद्धा नाही. मॅडमनी विचारलं, सराव कुठे केलास? घरी, म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. आयुष्य वेचलं या घरासाठी.
ठराव: सोंग संपलं. उद्यापासून गोळ्या बंद, मुलं बंद.

२९ मार्च, सकाळी
नात लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "आजी, आईची सही मागच्या पानांवर पण आहे."
प्रत्येक पानावर. लाल पेनने. वाच म्हटलं. चादरीच्या पानावर लिहिलंय, पाचव्यांदा तुम्ही घोरत होतात. बाराव्या तारखेखाली, जिना हलत नसतो. कालच्या पानावर तर अख्खा निबंध: इतके दिवस सुनेचं ऐकलं नाहीत, आता नर्सचं ऐका. गोळी बंद करायची नाही.
नातीला म्हटलं, फितूर. म्हणाली, मी कुठे सांगितलं, मी फक्त लिहिलं.
आता ती वाचणारच आहे तर ठळक लिही. मला काहीही झालेलं नाही. जिना हललाच होता. आणि आठ वाजून गेलेत, गोळ्यांची डबी खाली काढून ठेवत जा म्हणावं. तीही त्या वरच्या फळीवरच आहे.